कृष्णा आली की सोड

प्रिय दादा,

थोरल्या भावाला 'तीर्थरूप' लिहावं एवढं सातवीपर्यंतच्या शाळेतून माझ्या डोक्यात राहिलंय. पण तसं लिहिलं की पुढं शिरसाष्टांग नमस्कार येतो, मग खुशाली येते, आणि जे लिहायचं ते राहूनच जातं. म्हणून प्रिय. तुझी कार्डं मिळाली. उत्तर लिहायचं मी रोज ठरवतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. परवा बसलोच होतो, तर सिद्धू धनगराची मेंढरं धावपट्टीवर आली. काल पेनाची शाई वाळली. खरं सांगू का, शाई आपण होऊन वाळली नाही. मीच टोपण काढून पेन उन्हात ठेवलं आणि माळावर भटकायला गेलो. पत्र लिहायला लागू नये म्हणून माणूस कुठल्या थराला जातो बघ. आज पेन्सिल घेतली आहे. तिला काही होत नाही.

विचारायचं आहे ते तुझ्या मेजरसाहेबांबद्दल. विमान चालवताना ते मधेच नसतात. म्हणजे बसलेले असतात, डोळे उघडे असतात, हात हँडलवर असतो, पण ते नसतात. थोडाच वेळ. मग परत येतात. हे मी खरंच पाहिलं की माझ्या डोक्याचा काही खेळ आहे, याचा निकाल माझ्यानं अजून लागत नाही. आणि दिवाळी तोंडावर आली. मिलच्या मालकांची लेक तान्हं लेकरू घेऊन मुंबईहून माहेरी यायची आहे, आणि तिला आणायला साहेबच जाणार, विमान घेऊन. बाळासाठी वेताचा पाळणा मागच्या सीटवर बसतो का ते मालकांनी स्वतः येऊन बघितलं. तो मी दोरीनं आवळून दाखवला. मालक म्हणाले, "जोतिबा, गाठ पक्की मार बाबा." मी पक्की मारली, मग सोडून पुन्हा मारली.

आता सरळ सांगतो. नाही, थांब, आधी इथलं सांगायला पाहिजे, नाहीतर तुला वाटेल धाकटा नेहमीसारखा काहीतरी बरळतोय.

मेढ्यातून पळाल्यावर मी काय काय उद्योग केले ते आईनं तुला तिखटमीठ लावून कळवलंच असेल. आष्ट्याच्या गुळाच्या ट्रकवर क्लीनर होतो. तमाशाच्या कनातीचे खुंट ठोकले. जत्रेत बर्फाचे गोळे विकले, त्यात तर लय मजा होती, पण बर्फ आणि मी दोघंही दुपारपर्यंत टिकायचो नाही. मग तुझं कार्ड आलं. माझे मेजरसाहेब हंबीरराव, फौजेचं टेहळणीचं विमान चालवायचे ते, आता बाहेर पडलेत, सांगलीला एका मिलमालकाचं विमान चालवतात, तू त्यांच्याकडं जा, जवळ राहा, लक्ष ठेव. मला वाटलं, चला, दादानं शेवटी दावण शोधली माझ्यासाठी. 'लक्ष ठेव' म्हणजे लक्ष देऊन काम शिक, असं मी समजलो. ते तसंच होतं ना? हे मी पुन्हा विचारणार आहे, पण नंतर.

माधवनगरच्या मिलचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर हा माळ आहे. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठीला बांधलेली एक कापडी पिशवी, आणि मी. विमान चार माणसांचं, पुढं एकच पंखा. साहेबांचं कुटुंब साताऱ्याला, ते एकटेच मिलच्या बंगल्यावर राहतात. माझं मूळ काम काय, तर विमान यायच्या आधी धावपट्टीवरची मेंढरं हाकलायची. सिद्धूला ते कधी पटलं नाही. तो म्हणतो, "आवं पायलट, तुमचं इमान आट दिसातनं येकदा येतंय, आन् गवत तर रोज हाय. मग माळ कुनाचा?" मी म्हटलं, "मेंढरं मेली तर?" तर म्हणतो, "मेंढरांस्नी कळतंय की बाजूला व्हायला. तुमच्या इमानाला कळतंय का?" ते शब्द डोक्यात बसले, आणि साहेबांना सांगितले तर ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, "धनगर बरोबर बोलतोय. ह्यात एक यंत्र हाय, त्याला तेवढंच कळत नाही."

ते यंत्र म्हणजे ऑटोपायलट. आम्ही नुसतं ऑटो म्हणतो. बटण दाबलं की विमान आपण होऊन सरळ चालतं, ठरलेल्या दिशेनं आणि ठरलेल्या उंचीवर. हँडलला हात लावायला लागत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. मला आपला सर्जा आठवला. बाबा बाजारातनं येताना गाडीत घोरत पडायचे आणि सर्जा गाडी बरोबर दारात आणून उभी करायचा. मी ते साहेबांना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पट्ट्यानं बांधलेला असूनही मागं सरकलो. "बैलाला घर माहीत असतं, गाढवा. त्याला खड्डा दिसतो, नदी दिसते, पुढनं येणारी एसटी दिसते. ह्याला डोळे न्हाईत. सरळ आन् सपाट, दोनच गोष्टी कळतात. तो बघ यवतेश्वराचा डोंगर. आडवा आला तर ह्यो डोंगरात बी सरळच घालणार, आन् अगदी सपाट." मी त्या डोंगराकडं बघितलं. डोंगराच्या पाठीमागं आपलं मेढं. घर दिसतंय का म्हणून मी मान लांब केली, तेवढ्यात साहेब पुढं काय सांगत होते ते हुकलं. वेण्णा मात्र दिसली. माहुलीला ती कृष्णेला मिळते ते वरून दोन वेण्या एकत्र गुंफल्यासारखं दिसतं रे. आईला एकदा दाखवायला पाहिजे. ते असो.

साहेब ऑटोच्या बाबतीत लय कडक. निघायच्या आधी जमिनीवरच तो चालू करायचा आणि हातानं हँडल फिरवून बघायचं. हात जिंकला पाहिजे. मग हँडलवरचं लाल बटण दाबायचं, की त्यानं पकड सोडली पाहिजे. ते बटण अंगठ्याखालीच असतं, आणि अंगठा तिथंच ठेवायचा, गप्पा मारताना सुद्धा. ते नाही चाललं तर समोरच्या फळीवरचं बटण, आणि तेही नाही चाललं तर खालचा फ्यूज उपटायचा. त्या फ्यूजच्या टोकाला मी लाल रंग दिला, साहेबांना न विचारता, आणि त्यांनी पाठ थोपटली. जमिनीजवळ असताना ऑटो लावायचा नाही. हवा धक्के मारायला लागली की काढायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो चालू असताना हँडल जबरदस्तीनं ओढायचं नाही. चालवील तर तो चालवील, नाहीतर आपण. दोघांनी धरलं तर तो रुसतो. रुसतो म्हणजे काय ते मला पुढं कळलं.

मला बरोबर कशाला नेतात, तर त्याचंही कारण होतं. ऑटो ज्या घड्याळासारख्या यंत्रावरून दिशा घेतो ते हळूहळू सरकत जातं. माणूस गुंगीत असला तर विमान अगदी सरळ चाललंय असं वाटतं आणि जायचं कोल्हापूरला तर पोचायचं भलतीकडं. म्हणून अधूनमधून ते होकायंत्राशी जुळवायचं. साहेब म्हणाले, हे काम तुझं, मला हाक मारून सांगायचं. आणि मग सहज सांगितल्यासारखं म्हणाले, "मी कधी इचारात पडलो आन् बोलेनासा झालो, तर गुडघ्यावर थाप मार. लाजू नकोस." मी म्हटलं, "सायेब, तुमास्नी थाप?" ते म्हणाले, "आर्डर हाय."

पहिल्यांदा थाप मारली ती पुण्याहून येताना, खंबाटकीच्या पुढं. ऑटो चालू होता, आकाश धुतल्यासारखं होतं. मी जरंडेश्वराकडं बोट करून काहीतरी बडबडत होतो, आमच्या तमाशाच्या मंडळींनी तिथं केलेल्या चढाईबद्दल, आणि साहेब 'हं' म्हणेनात. बघतो तर समोर बघताहेत. तोंड थोडं हलतंय, पान चघळावं तसं, आणि उजव्या हाताची बोटं शर्टाच्या गुंडीशी खेळताहेत. साहेब पान खात नाहीत. मला वाटलं नाव घेत असतील देवाचं. मग थाप मारली. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि म्हणाले, "गाडी पुढं घे." मी हसलो. गाडी! वर कसली गाडी? तेही हसले, पण माझं बघून हसले, असं मला वाटलं. मग त्यांनी खाली बघितलं, होकायंत्र बघितलं, घड्याळ बघितलं, अगदी अनोळखी गावात उतरलेला माणूस पाट्या वाचतो तसं. ऑटो आपला सरळ चालला होता. म्हणून काही झालं नाही. म्हणून मीही काही समजलो नाही.

दुसऱ्या वेळचं सांगण्यासाठीच हे सगळं चाललंय.

दसरा झाल्यावर पुण्याला मालकांना सोडून आम्ही दोघंच परत येत होतो. कराडजवळ कृष्णा मोठं वळण घेते, तिथून आम्ही नेहमीच उतरायला सुरुवात करतो. नदी दिसली की साहेब म्हणतात, "कृष्णा आली," आणि ऑटो काढून विमान हातात घेतात. त्या दिवशी आगाशिवाच्या अंगाला ऊन तापलेलं, विमान खडीच्या रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं उधळत होतं, म्हणून साहेबांनी ऑटो अलीकडंच काढला होता. बरोबरच होतं ते. मी खाली कोयना आणि कृष्णा कुठं मिळतात ते शोधत होतो. तेवढ्यात साहेब बोलले. हळू, पण स्पष्ट. "कृष्णा... सोड. सोड, कृष्णा." मी खाली बघितलं. खरंच कृष्णा आली होती. आता तूच सांग, मी काय समजायचं? आपल्याकडं पाणी सोडतात, पोळ सोडतात, एसटी सोडतात. सोडलं म्हणजे चालू झालं. मला वाटलं, आज साहेब शिकवताहेत, कृष्णा आली की ऑटो सोड. मी बटण दाबलं. दिवा लागला. आणि दादा, तेव्हा मला दिसलं की विमान एका बाजूला कलून नाक खाली घालायला लागलं होतं. ऑटोनं ते उचललं आणि सपाट केलं. मला वाटलं, वा जोत्या, काय वेळेवर केलंस! थाप मारायची मला आठवणच झाली नाही. बोलेनासा झालो तर मार, असं ठरलं होतं. ते तर बोलत होते.

मग साहेब परत आले. गुंडीवरची बोटं थांबली, त्यांनी उंची बघितली आणि उतरायचं म्हणून हँडल पुढं रेटलं. ऑटो लागलाय हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं त्यांनीच सांगितलंय. त्यांनी रेटलं की ऑटो म्हणायचा, मला तर उंची धरून ठेवायला सांगितलंय. शेपटीला एक बारकी पट्टी असते, ती तो आपण होऊन फिरवतो आणि नाक वर उचलायला बघतो. साहेब आणखी रेटणार, तो आणखी फिरवणार. साहेबांच्या कपाळाची शीर उठली. "जड का लागतंय हे? जड का लागतंय?" अंगठा लाल बटणाजवळ होता, पण जात नव्हता. एरवी त्यांचा अंगठा डोक्याच्या आधी जातो. शेवटी गेला. आणि जमा झालेला तो सगळा रुसवा एकदम मोकळा झाला. नाक असं वर गेलं की मला समोर नुसतं आभाळ. एक भोंगा किंचाळायला लागला, विमान पडायच्या आधी वाजतो तो. पाठीमागची सगळी सामानाची खोकी एकमेकांवर आदळली. साहेबांनी दोन्ही हातांनी नाक दाबलं, पट्टीचं चाक भराभर फिरवलं, आणि हळूहळू शेतं पुन्हा खाली दिसायला लागली, ऊस, विहिरी, सगळं जागच्या जागी. मी आईचं नाव घेत होतो. तुझंही घेतलं असेल.

माळावर उतरल्यावर ते खाली आले, चाकाला टेकले आणि विचारलं, "ऑटो कुणी लावला?"

"तुमीच म्हणाला की सायेब. सोड म्हणून."

"सोड म्हंजी काढ, गाढवा!"

"आमच्यात सोड म्हंजी चालू. पाणी सोडत्यात, तसं."

"आन् नाद सोड म्हनत्यात, त्यो?"

"त्यो बंद होतो," मी म्हटलं. यावर त्यांना हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि सिद्धू लांबून बघत होता तोही काही न कळता हसला. मग साहेबांनी ठरवलं की आजपासून विमानात ऑन आणि ऑफ, मराठी बंद. सगळं तिथंच मिटलं असतं. पण मी आपला बोलत सुटलो. म्हटलं, "तसं न्हाई सायेब, तुमी कृष्णा आली की सोड म्हणाला, आन् कृष्णा तर आलीच हुती." त्यांचं हसू कुठं गेलं कळलंच नाही. म्हणाले, "मी कृष्णा म्हणालो? नेमकं सांग काय म्हणालो. जसंच्या तसं." मी सांगितलं. ते शेडच्या मागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं लघवीला गेले असतील. तिकडून आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी थाप लवकर मार. बोलत असलो तरी मार."

तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. मी चुकून ऑटो लावला म्हणून आम्ही वाचलो, की मी चुकून लावला म्हणून मरायला आलो होतो? दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही खरं कसं असेल? बरं, साहेबांना स्वतःला कळतं का की ते जातात? कळत नसेल तर थापेचं आधीच कसं सांगितलं? कळत असेल तर ते पाळणा बांधू कसे देतात? एकदा मी धीर करून विचारलं, "सायेब, तुमी मधीच कुठं जाता?" ते म्हणाले, "कुठं जाणार? ऑटो नेईल तिकडं." आणि विमानाच्या काचेवरचे मेलेले किडे पुसायला लागले. मी मालकांना सांगू शकतो. पण सांगितलं की साहेबांचं उडणं संपलं, त्याच दिवशी. आणि मला जे दिसलं ते काय आहे हे सांगायला माझ्याकडं शब्द कुठला? नसतात, असं म्हणू? मालक म्हणतील पोरगं गांजा पितंय. आधीच मी तमाशाच्या कनातीतून आलेला.

आता आजच का लिहितोय ते सांगतो. सकाळी पोस्टमननं तुझं कार्ड आणलं, ते साहेबांच्याच हातात दिलं. त्यांनी माझ्याकडं टाकलं आणि म्हणाले, "घे, कृष्णा काय म्हणतोय बघ." आपण घरात तुला कृष्णात म्हणतो, आई किस्ना म्हणते. तुला कृष्णा म्हणणारं माणूस मी आजवर ऐकलंच नव्हतं. फौजेत तुला कृष्णाच म्हणायचे ना ते? तू त्यांचा ड्रायव्हर, तुम्ही दोघं लढाईत एका जीपमधून फिरलात. 'गाडी पुढं घे' हे मला नव्हतं, हे तुला होतं. ते नदीबद्दल बोलतच नव्हते, दादा. ते तुला म्हणत होते, सोड. तू त्यांना कुठं धरलं होतंस?

तुझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जो डाग आहे, तो तू आईला स्टोव्हच्या भडक्याचा म्हणून सांगितलास. मी तेव्हाही म्हटलं होतं, स्टोव्हचा भडका तोंडाला लागतो, हाताला दोन्ही बाजूंनी कसा लागेल. तू म्हणालास, गप्प बस. साहेबांच्या उजव्या कानामागं केसांत एक खोल खळगा आहे, टोपी काढतात तेव्हा दिसतो. मी कधी विचारलं नाही. लढाईत त्यांचं विमान पडलं होतं का? त्यांना त्यातून ओढून काढताना ते तुला 'मला सोड' म्हणत होते का? आणि तू सोडलं नाहीस. हे मी आपलं जुळवलंय, चूक असलं तर हसून घे. पण बरोबर असेल तर पुढचं मला हसण्यासारखं वाटत नाही. मग ते जे मधेच नसतात ते तेव्हापासूनच आहे, आणि तू पाहिलं आहेस. जीपमध्ये, तुझ्या शेजारी बसलेले असताना. डॉक्टरांना तुम्ही दोघांनी सांगितलं नाहीत, कारण सांगितलं असतं तर त्यांना पुन्हा उडू दिलं नसतं. आणि मग स्वतः फौजेतून येता येईना म्हणून तू मला पाठवलंस. जवळ राहा, लक्ष ठेव. दादा, तू मला नोकरीला लावलंस की राखणीला? रागावून विचारत नाही. मला खरंच कळत नाही की मी इथं काय आहे. राखणीलाच लावायचं होतं तर कशाची राखण ते तरी सांगायचंस.

हे पत्र त्यासाठीच आहे, आणि खुशालीचा मजकूर मी मुद्दाम लिहिलेला नाही. मालकांनी विमान न्यायचा दिवस ठरवला आहे, धनतेरस. एकट्या साहेबांचा प्रश्न असता तर मी त्यांच्या शेजारी बसलो असतो, थापा मारत, मरेपर्यंत सुद्धा, त्याचं मला काही वाटत नाही. पण येताना पुढच्या सीटवर मालकांचा जावई बसणार, मागं ती मुलगी आणि पाळणा. मला जागाच नाही. जावयाला साहेब थाप मारायला सांगतील का? नाही सांगणार. साहेब माझं ऐकत नाहीत, मालकांना सांगायची माझी छाती होत नाही. साहेब जगात कुणाचं ऐकत असतील तर तुझं. तू त्यांना तार कर. 'उडणं सोडा', दोनच शब्द पुरे. पत्र तुझ्या हाती वेळेवर पडेल की नाही तेही मला माहीत नाही, फौजेचं टपाल कुठून कुठं फिरून जातं देव जाणे. हे सगळं मी आधीच, शाई वाळवत न बसता, लिहायला हवं होतं. आता तू सांगशील तसं.

इथवर लिहून पाकीट शोधायला उठलो तर शेडच्या दारात एक बाई उभ्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, पायावर धूळ. माळापर्यंत एसटी येत नाही, म्हणजे फाट्यावरून चालतच आल्या. सिद्धूची कुत्री त्यांच्या मागं गप्प आलेली, एरवी ती कुणालाही सोडत नाहीत. मला वाटलं मिलमधली कुणी वाट चुकली. त्या म्हणाल्या, "तू जोतिबा ना? कृष्णातचा धाकटा? तोंडावळा तोच हाय." साताऱ्याहून साहेबांच्या बाईसाहेब आल्यात, दादा. एकट्या. साहेबांना माहीत नाही, मिलकडं गेल्याच नाहीत, सरळ इकडं. मी खाट झटकली, पाणी दिलं, आणि साहेब बंगल्यावर असतील, बोलावून आणतो, म्हणून पळायलाच निघालो होतो. त्यांनी मला हातानं थांबवलं. म्हणाल्या, "त्यांना न्हाई, तुला भेटायला आलीय. घरी जेवताना त्यांचा घास हातातच थांबतोय. माझ्याकडं बघत्यात, पण बघत न्हाईत. वरती इमानात बी असंच हुतंय का रं?" मी खाटेवरच्या या पत्रावर हात ठेवला. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी हौदावर पाय धुऊन येते. तवर नीट आठव." आता हौदाजवळ पाण्याचा आवाज येतोय. दादा, तारेची वाट बघत बसायला मला वेळ उरलेला नाही. त्या आल्या की मी त्यांना सगळं सांगणार आहे, तुझ्या हाताचं सुद्धा.

तुझाच,
जोत्या